सातव्या खांबापुढचा अंधार आणि एका रेषेतले खड्डे

रस्ता ५४० मीटर लांब, डांबरी, नऊ मीटर रुंद. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरून आत वळतो, तीन सोसायट्या आणि एक शाळा ओलांडून आतल्या चौकात संपतो. डाव्या हाताला ९ मीटर उंचीचे १८ अष्टकोनी खांब, दर ३० मीटरवर एक, प्रत्येकावर ९० वॉटचा एलईडी दिवा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथून खड्ड्यांच्या २३ आणि दिव्यांच्या १४ तक्रारी गेल्या. ३७ पैकी ३७ 'निकाली'. सप्टेंबर संपताना खड्डे होते तिथेच होते, आणि जोराची सर आली की सातव्या खांबापुढे अंधार.

हा ठाण्यातल्या कुठल्या एका रस्त्याचा पंचनामा नाही. घोडबंदर पट्ट्यात ठिकठिकाणी आढळणारे दोष एका रस्त्यावर आणून मांडले आहेत आणि मापं हिशेब कळावा म्हणून घेतली आहेत. दोषांची साखळी मात्र जशी घडते तशीच ठेवली आहे.

कोणाचं काय

ठाणे महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्यांपैकी माजिवडा-मानपाडा समितीकडे हा पट्टा येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल आणि त्यांवरची दिवाबत्ती ही पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. पैसे उरले तर करायची कामं नव्हेत. पण कर्तव्य एक असलं तरी ते पार पाडणारे विभाग दोन. डांबर बांधकाम विभागाचं, खांब विद्युत विभागाचं. दोघांचे ठेकेदार वेगळे, तक्रारीचे रकाने वेगळे, कनिष्ठ अभियंतेही वेगळे. वीज महावितरणची, तिचा मीटर फीडर पिलरमध्ये. ही पेटी रस्त्याच्या तोंडाशी आहे आणि तिच्यावरून हा रस्ता धरून तीन रस्त्यांचे ४२ दिवे चालतात.

चौथा भिडू कागदावर दिसत नाही. वर्षभरापूर्वी जमिनीखालून वाहिन्या टाकणाऱ्या एका सेवा कंपनीने परवानगी घेऊन याच रस्त्याच्या डाव्या कडेने १९० मीटरपासून ५१० मीटरपर्यंत चर खोदला होता. ३२० मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद, एक मीटर खोल.

दिव्यांची खूण

रस्त्यावरचे दिवे कसे बंद आहेत एवढं नीट पाहिलं तरी निम्मं निदान होतं. दर तिसरा दिवा बंद असेल तर एक फेज गेला आहे: दिवे आर, वाय, बी या तीन फेजवर आळीपाळीने जोडलेले असतात. सगळेच बंद असतील तर दोष पेटीत, म्हणजे कॉन्टॅक्टर (सगळे दिवे चालू-बंद करणारा स्विच), टायमर किंवा येणारा पुरवठा. एखाददुसरा कुठेही विझलेला असेल तर त्या दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला हवी तेवढीच वीज देणारा भाग) किंवा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग). एका रात्रीत आठ-दहा ड्रायव्हर एकदम जळाले तर न्यूट्रल तुटलेला असणार. मग २३० व्होल्टच्या दिव्यावर चारशेच्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं, आणि न्यूट्रल न तपासता नवे ड्रायव्हर बसवले तर तेही जळतात. आणि एका खांबापुढचे सगळे बंद असतील तर त्या खांबाच्या पुढची केबल.

इथे आठ ते अठरा असे अकरा दिवे बंद व्हायचे, तेही पावसातच. वायरमनला कारण ठाऊक होतं. "साहेब, आठकडची केबल ओली झाली की पिलर ट्रिप मारतो. तीन रस्ते अंधारात ठेवण्यापेक्षा सातच्या डब्यात पुढची वायर सोडून ठेवतो." म्हणजे पाऊस आला की सातव्या खांबाच्या जंक्शन बॉक्समध्ये पुढे जाणारी केबल सुटी करायची, दोन-तीन दिवस ऊन पडलं की पुन्हा जोडायची. त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं. कमी पगाराचा वायरमनच नव्हे, तर चांगल्या पगाराचा अभियंतासुद्धा. पण तक्रार तपासायला माणूस जायचा तो कोरड्या दिवशी. शेरा पडायचा: 'पाहणी केली असता दिवे सुरू आढळले.' शेऱ्यात खोटं काही नव्हतं. चौदा वेळा खरंच लिहिलं गेलं आणि दोष जिथल्या तिथे राहिला.

केबल तपासायची रीत साधी आहे, फक्त वेळ खाते. पेटीतून पुरवठा बंद करून कुलूप लावायचं. प्रत्येक खांबाच्या दारातल्या बॉक्समध्ये केबल सुटी करायची. दिव्यांचे ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर आधी वेगळे करायचे, नाहीतर मेगरच्या (केबलच्या आवरणाचा विद्युतरोध मोजणाऱ्या यंत्राच्या) दाबाने ते जातात किंवा आकडा चुकीचा येतो. मग ५०० व्होल्टच्या मेगरने दोन खांबांमधला एकेक तुकडा मोजायचा: फेज ते फेज, फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ. एक मेगाओहमच्या खाली आलं की तुकडा संशयित. सात ते आठ या तुकड्याने कोरड्यात अडीच मेगाओहम दाखवले, म्हणजे पास. तिथे दोन बादल्या पाणी ओतून अर्ध्या तासाने मोजलं तर काटा शून्याला टेकला. ठाण्याच्या केबलची परीक्षा मे महिन्यात घेऊन उपयोग नाही.

खड्ड्यांची खूण

खड्डेही बोलतात. चाकांच्या पट्ट्यात पसरलेले असतील तर डांबराचा थर किंवा त्याखालचा पाया थकला आहे. चेंबरभोवती गोल असतील तर झाकणाची पातळी चुकली आहे. कडेला पाणी साचून उकलत आले असतील तर गटाराची तोंडं बुजली आहेत. आणि खड्डे एका सरळ रेषेत, कडेपासून सारख्या अंतरावर असतील तर वरचं डांबर खणत बसू नये, खाली चर आहे.

या रस्त्यावरच्या २३ तक्रारी तारखेने लावल्या तर नुसता गोंधळ दिसतो. त्याच रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या मीटरने लावल्या की १९ तक्रारी २०० ते ३४० मीटरच्या आत येतात, सगळ्या डाव्या कडेला. सर्वांत मोठा खड्डा २०८ मीटरवर. पहिला खांब १५ मीटरवर धरला तर सातवा १९५ वर आणि आठवा २२५ वर येतो. मोठा खड्डा आणि भिजणारी केबल यांची जागा एकच. हे दोन विभागांपैकी कोणालाच दिसलं नाही, कारण एकाची यादी खांब क्रमांकाने चालते आणि दुसऱ्याची 'अमुक सोसायटीच्या गेटसमोर' अशी.

२०८ मीटरवरचा खड्डा हंगामात चार वेळा भरला गेला: दोनदा पिशवीतल्या कोल्डमिक्सने (न तापवता वापरायच्या डांबरमिश्रणाने), एकदा खडी-मुरूम टाकून, एकदा पेव्हर ब्लॉक बसवून. कोल्डमिक्सचा दोष नाही. खड्डा चौकोनी कापून, कडा उभ्या करून, तळातला सुटा माल आणि पाणी काढून, कडांना टॅक कोट (माल चिकटण्यासाठी पातळ डांबराचा हात) लावून, थराथराने ठोकून भरला आणि वरचा थर आजूबाजूपेक्षा किंचित उंच ठेवला तर पावसाळा निघतो. इथे पाण्यात पिशवी उलटी केली आणि टेम्पोच्या चाकाने दाबली. शिवाय खालचा चर बसतच होता. वर सोनं भरलं असतं तरी तेही खाली गेलं असतं.

इथे एक हिशेब उपयोगी पडतो. ६० बाय ५० सेंटिमीटरचा, ६ सेंटिमीटर खोल खड्डा म्हणजे ०.०१८ घनमीटर. घनमीटरला २.२ टन धरले तर सुमारे ४० किलो माल, म्हणजे २५ किलोच्या दोन पिशव्यांच्या आत. मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) असे दहा खड्डे लिहिले असतील तर सोळा-सतरा पिशव्या लागल्या असणार. रिकाम्या पिशव्या मोजून जमा करून घ्या, मगच नोंद करा. हा नियम कोणाला फार किरकोळ वाटतो, पण मापाची एवढी सोपी पडताळणी दुसरी नाही.

चराच्या पोटात काय निघालं

संयुक्त पाहणीत बांधकाम आणि विद्युत या दोन्हींचे उपअभियंते, दोन्ही ठेकेदार आणि सेवा कंपनीचा माणूस एकत्र उभे राहिले. हे घडवून आणणं हाच या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. चारदा तारीख बदलली. पाहणीआधी टेपने दर १० मीटरवर पिवळा रंग मारला होता, म्हणून 'इथे-तिथे' हा शब्द पुन्हा कोणाला वापरावा लागला नाही. तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेतले.

२०८ मीटरवर ७० सेंटिमीटर खोलीला दिव्यांची केबल दिसली, आर्मर (वरचं धातूचं कवच) कापलेला. चर खणताना यंत्राच्या दातात ती आली असणार. चारही कोर (आतल्या तारा) नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. जॉइंट किट नाही, खाली-वर वाळू नाही, धोक्याची पट्टी नाही. त्याच मातीत मुठीएवढे दगड आणि जुन्या डांबराचे तुकडे. २७० मीटरवर पहार दोन हातांच्या जोराने ४० सेंटिमीटर आत गेली. ठोकलेल्या भरावात ती एवढी जात नाही.

असं होण्याचं कारण परवानगीच्या रचनेत आहे. रस्ता खोदणारी कंपनी रस्ता पूर्ववत करण्याचा आकार पालिकेकडे भरते. चर बुजवते कंपनी, वरचं डांबर घालतो पालिकेचा ठेकेदार. खालपासून वरपर्यंतची जी माती आहे तिच्यावर सही कोणाचीच नाही. एक मीटर खोलीचा सैल भराव पाच ते दहा टक्के बसला की वर ५ ते १० सेंटिमीटरची नाळ पडते; तिच्यात येऊरच्या उतारावरून येणारं पाणी थांबतं, आणि ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस असल्याने ते जून ते सप्टेंबर हटत नाही.

त्यात दोषदायित्वाचा पेच. मूळ रस्त्याचा दोषदायित्व कालावधी (ज्यात दोष निघाला तर ठेकेदारानेच दुरुस्त करायचा ती मुदत) चालू होता, म्हणून बांधकाम विभागाने ठेकेदाराला नोटीस काढली. त्याचं उत्तर बरोबर होतं: 'चर आम्ही खोदला नाही.' खोदाईची परवानगी देताना दोषदायित्वाच्या नोंदवहीत ती पट्टी वेगळी काढून, तिची जबाबदारी कोणावर हे लिहायला हवं होतं. तसं न झाल्याने दोघेही सुटले.

दुरुस्तीचा क्रम

पहिल्यांदा केबल, मग चर, शेवटी डांबर. उलट केलं तर नवं डांबर महिन्याभरात फुटतं. ठाण्यात हे इतक्यांदा होतं की लोकांनी त्यावर चिडणंही सोडलंय.

सात ते आठमधला केबलचा तुकडा जोडत न बसता अखंड बदलला, प्लॅस्टिकच्या दुपदरी नळीतून नेला, आणि गेटांच्या खालून नेताना नळीभोवती काँक्रीट केलं. खाली-वर वाळू, वर धोक्याची पट्टी. काम चालू असताना दिवे लागावेत म्हणून खांबावरून खांबावर 'तात्पुरती' हवेतली वायर टाकायचा प्रस्ताव आला होता. तो नाकारला, कारण अशा तात्पुरत्या वायरी पुढच्या निवडणुकीलाही तिथेच लोंबत असतात. आठवडाभर अंधार परवडला. सोसायट्यांना तारखा आधी कळवल्या.

चर पुन्हा तळापर्यंत उघडला, कारण वरून दाबून खालची माती बसत नाही. निवडलेला मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरात, पुरेशा ओलाव्याने, प्लेट कॉम्पॅक्टरने. रस्त्याच्या पायाखालच्या थरासाठी ९७ टक्के घनता धरली आणि ती वाळू-भरण पद्धतीने दर ५० मीटरला तपासली. त्यावर वेट मिक्स (पाणी मिसळलेली खडी). डांबराची कड कटरने चराच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर रुंद कापली, म्हणजे नवा थर ठोस जमिनीवर टेकतो. कडांना इमल्शन (पातळ डांबर), मग डांबराचे दोन थर. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना १४० अंशांच्या खाली नसावा आणि ९० अंशांच्या खाली जाण्याआधी रोलिंग उरकावं म्हणतात ते इथेच: टेम्पो कापूरबावडीच्या कोंडीत दीड तास अडकला तर गाडीवर ताडपत्री असूनही कडेचा माल थंड होतो. म्हणून माल रात्री मागवला आणि प्रत्येक गाडीत थर्मामीटर घालून आकडा चलनावर लिहिला. दोन गाड्या परत गेल्या.

एक गोष्ट नजरेतून जवळपास सुटली होती. थरावर थर चढत गेल्याने अकराव्या खांबाच्या तळाचं दार रस्त्यापासून जेमतेम १५ सेंटिमीटर वर राहिलं होतं. पाणी तुंबलं की जंक्शन बॉक्स बुडणार आणि लोखंडी खांब जिवंत होणार. बॉक्स वर उचलला, दार पक्कं बंद केलं, त्या खांबाचं अर्थिंग वेगळं तपासलं. पावसाळ्यात खांबाला हात लागून माणूस दगावतो त्याची सुरुवात बहुधा अशा दारातून होते. डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात खांबांच्या दारांची उंची मोजण्याची ओळ असायला हवी, आणि ती नसते, कारण तो विभाग दुसरा.

कागद कसे वाचले

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. 'रस्ता खराब का आहे' असं विचारलं तर उत्तर येत नाही. 'का' हा प्रश्न कायद्यात बसत नाही. कागद मागायचे: खोदाई परवानगी तिच्या अटींसह, भरलेली अनामत आणि तिचा परतावा, मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, दोषदायित्वाची तारीख, दिव्यांच्या ठेकेदाराच्या चालू बिलातली दंडकपात, पिलरची बारा महिन्यांची वीजबिलं. त्याच कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं, आणि त्याचा वापर फारच कमी होतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं कलम ६(३) नुसार त्यांचं काम आहे, अर्जदाराचं नव्हे.

वीजबिलाने या प्रकरणात खरी कमाल केली. ४२ दिवे, ९० वॉट, पावसाळ्यात रोज ११ तास: महिन्याला १,२४७ युनिट. अकरा दिवे बारा रात्री बंद असतील तर १३१ युनिट कमी, म्हणजे १,११६ च्या आसपास. ठेकेदाराच्या अहवालात त्या महिन्यात सगळे दिवे चालू होते आणि मीटरने १,१२० दाखवले. मीटर कोणाचा पगारी नसतो. बिल उलट जास्त आलं तर टायमर भरकटून दिवे दिवसा जळताहेत, किंवा पिलरमधून कोणी मंडपाला, फलकाला वीज ओढली आहे.

तरीही दंड झाला नाही. करारात '९८ टक्के दिवे चालू' ही अट अख्ख्या प्रभागाला धरून होती. पाच हजार दिवे आणि ३० रात्री म्हणजे दीड लाख दिवा-रात्री. त्यातल्या तीन हजार बंद असल्या तरी चालतात. आमच्या अकरा दिव्यांच्या बारा रात्री म्हणजे १३२. शाळेसमोरचा रस्ता बारा रात्री काळोखात ठेवूनही ठेकेदार गुणवंत ठरतो. पुढच्या निविदेत अट पिलरगणिक बांधावी आणि सलग तीन दिवे ४८ तास बंद राहिले तर वेगळा दंड लावावा, असा शेरा उपअभियंत्यांनी फाईलवर लिहिला.

तक्रार बंद करतानाच्या फोटोचीही रीत बदलली. आधी डांबराचा जवळून काढलेला काळा चौकोन यायचा, तो ठाण्यातला की पालघरचा ते कळायचं नाही. आता चौकटीत खांबाचा क्रमांक दिसला पाहिजे आणि दिव्यांच्या तक्रारीला रात्रीचा फोटो हवा. आठ ते अठरा या खांबांचे क्रमांक रंगकामात पुसले गेले होते. ते आधी लिहावे लागले.

दिवे लागल्यावर उजेड मोजणाऱ्या लक्स मीटरने दोन खांबांमध्ये नऊ बिंदूंवर मोजणी झाली. आयएस १९४४ या रस्त्यांवरच्या दिव्यांच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा आतल्या पण वर्दळीच्या रस्त्याला सरासरी ८ लक्स आणि सर्वांत कमी बिंदू सरासरीच्या ०.३ पट तरी हवा. सगळीकडे उत्तम, फक्त चौदा ते पंधरामध्ये सर्वांत कमी बिंदू १ लक्स. तिथे दिव्याखाली पर्जन्यवृक्षाची फांदी आहे. कोणीतरी १२० वॉटचा दिवा सुचवला; त्याने फांदीचं पान अधिक उजळेल, रस्ता नाही. छाटणीसाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती मागितली आहे.

तोंडाचे चाळीस मीटर

रस्त्याचे पहिले ४० मीटर, जिथे तो घोडबंदरला मिळतो, तिथलं काहीच मार्गी लागलं नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ आणि पुढे गायमुखपर्यंतच्या ४अ साठी मुख्य रस्त्यावर एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) कामं, मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आतला रस्ता पालिकेकडे. तोंडावरचा खड्डा तिघांच्या नकाशांच्या कडेवर पडतो आणि प्रत्येक नकाशात तो दुसऱ्याच्या हद्दीत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. त्यानंतर हद्दीचा प्रश्न विचारणाऱ्या पत्रांना उत्तर लवकर येऊ लागलं आहे. या तोंडासाठी तिन्ही यंत्रणांची एकत्र पाहणी होऊन, हद्द ठरेपर्यंत पालिका भरेल आणि खर्च नंतर वळता करील, असं कार्यवृत्त झालं. त्यावर दोघांच्याच सह्या आहेत. पहिल्या खांबाच्या अलीकडचे दोन दिवे कोणत्या पिलरवर आहेत हेही अजून सापडलेलं नाही. ते रोज संध्याकाळी लागतात, पण पालिकेच्या ४२ मध्ये ते धरलेले नाहीत.